दुरुस्तीचे घर, दुखणेकरी जोडीदार आणि दोन वर्षांचे मूल

एक ते तीन वर्षांचे मूल असलेल्या घरात दुरुस्तीचे काम आणि आई किंवा वडिलांचे मोठे दुखणे एकाच वेळी येणे ही वाटते तितकी विरळ गोष्ट नाही. फ्लॅटचा ताबा, पहिले मूल आणि गृहकर्जाचे हप्ते आयुष्याच्या एकाच टप्प्यात येतात. कधी तर दुखण्यामुळेच दुरुस्ती काढावी लागते. गुडघ्याच्या अस्थिबंधाची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला उकिडवे बसता येत नाही. मग भारतीय पद्धतीच्या संडासाच्या जागी कमोड येतो, भिंतीला धरायला दांडा लागतो, न्हाणीघरातली निसरडी फरशी बदलावी लागते. कधी उलटे होते: शस्त्रक्रिया अचानक ठरते आणि अर्धवट फोडलेले स्वयंपाकघर तसेच राहते. अशा घरात मूल, दुखणे आणि बांधकाम या तिघांना एकच जमीन, एकच दिवस आणि बहुधा एकाच माणसाचे दोन हात पुरवावे लागतात. जखम भरायला आणि मूल वाढायला जो काळ लागतो तो पुढेमागे करता येत नाही. फरशीचे काम मात्र थांबवता येते. घराची सगळी आखणी या एका फरकावर व्हायला हवी.

या वयाचे मूल म्हणजे काय, हे आधी नीट समजून घ्यावे लागते. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतल्या मुलांची पाहणी करून २००६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांनुसार निरोगी मूल साधारण आठव्या ते अठराव्या महिन्याच्या दरम्यान आधाराशिवाय चालू लागते. पायांत बळ येते, पण धोका ओळखण्याची समज त्यानंतर कितीतरी वर्षांनी येते. दीड वर्षाचे मूल स्टूल ओढत नेते आणि त्यावर चढते. उतरायचे कसे हे त्याला अजून ठाऊक नसते. वस्तू ओळखायची म्हणजे ती तोंडात घालून पाहायची, ही त्याची रीत. शिवाय ते नकलेतून शिकते. मिस्त्री हातोडी मारताना दिसला की त्याला हातोडी हवी असते, बाबा कुबडी घेऊन चालताना दिसला की कुबडी हवी असते. ‘नको’ हा शब्द त्याला कळतो, पण कळले म्हणून स्वतःला आवरता येते असे नाही. त्यामुळे ‘आम्ही लक्ष ठेवू’ ही काही व्यवस्था होत नाही. कडी लावलेले दार, उंचावरचे कुलपाचे कपाट आणि काम चालू असताना घराबाहेर नेलेले मूल, ही व्यवस्था.

दुरुस्तीच्या घरातला सर्वांत दुर्लक्षित धोका धुळीचा आहे. मोठा माणूस विश्रांतीत मिनिटाला १२ ते २० वेळा श्वास घेतो. दोन वर्षांचे मूल २४ ते ४० वेळा घेते. त्याचे नाक जमिनीपासून जेमतेम अडीच फुटांवर असते, आणि बसणारी, पुन्हा उडणारी धूळ तिथेच सर्वांत दाट असते. विटा, काँक्रीट, ग्रॅनाइट किंवा विट्रिफाइड टाइल ग्राइंडरने कापली की सिलिकाचे अतिसूक्ष्म कण हवेत मिसळतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने स्फटिकी सिलिकाची धूळ माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात धरली आहे. याच धुळीने होणारा सिलिकोसिस हा मुख्यतः वर्षानुवर्षे हे काम करणाऱ्या कारागिरांचा आजार आहे. त्यांना चांगला मास्क देणे आणि टाइल पाणी सोडत कापायला सांगणे ही घरमालकाचीही जबाबदारी आहे. पाण्याने कापल्यास धूळ कितीतरी कमी उडते आणि त्याचा फायदा घरातल्या सगळ्यांनाच होतो. लहान मुलात आणि नुकत्याच शस्त्रक्रिया झालेल्या माणसात या धुळीचा त्रास खोकल्याच्या रूपाने लगेच दिसतो. पोटावर टाके असलेल्या माणसाला खोकल्याची एक उबळ किती महागात पडते, हे ज्याने सोसले त्यालाच कळते.

जुन्या घरात धुळीबरोबर शिसे येते. घरगुती रंगांतल्या शिशावर मर्यादा घालणारे नियम भारतात २०१६ मध्ये झाले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून दहा लाख भागांत ९० भाग ही कमाल मर्यादा लागू झाली. त्याआधी दारे, खिडक्या आणि ग्रिलना लावलेल्या तैलरंगांत, विशेषतः पिवळ्या, लाल आणि हिरव्या रंगांत, शिसे असण्याची शक्यता मोठी. रंग भिंतीवर घट्ट बसलेला असतो तोवर फारसे बिघडत नाही. रंगारी तो कोरड्या पॉलिश पेपरने घासू लागला की शिशाची पूड होते, फरशीवर बसते, तिथून मुलाच्या हाताला आणि हातातून तोंडात जाते. पोटात गेलेल्या शिशापैकी लहान मुलाचे शरीर मोठ्या माणसाच्या चार ते पाच पट शिसे शोषते. लोह कमी असलेल्या मुलात हे शोषण आणखी वाढते. आणि २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या पाच वर्षांखालील सुमारे ६७ टक्के मुलांना रक्तक्षय आढळला होता. शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित मानली जात नाही, कारण त्याचा परिणाम वाढत्या मेंदूवर होतो. उपाय मात्र साधे आहेत. जुना रंग ओला करून घासावा, खाली प्लास्टिक अंथरावे, केर काढण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसून घ्यावे, कारण झाडूने धूळ पुन्हा हवेत उडते. जेवणाआधी मुलाचे हात साबणाने धुवावेत. जुन्या घरात घासकाम झाले असेल तर मुलाच्या रक्तातल्या शिशाची तपासणी करावी का, हे बालरोगतज्ज्ञांना जरूर विचारावे.

कामावर येणाऱ्या बाकीच्या वस्तूंचीही एकदा ओळख करून घ्यायला हवी. ओले सिमेंट तीव्र अल्कली असते आणि कोवळ्या कातडीला भाजते; ते लागले तर भरपूर वाहत्या पाण्याने धुवावे. थिनर, टर्पेंटाइन आणि फरशी धुण्याचे ॲसिड बहुतेक वेळा कोल्ड्रिंकच्या किंवा पाण्याच्या रिकाम्या बाटलीत येते. मुलाला ती बाटली ओळखीची असते, त्यामुळे सर्वांत मोठा धोका तिथे आहे. यातले काही पोटात गेले तर उलटी करवायची नाही, मिठाचे पाणी पाजायचे नाही. थिनरसारखा पदार्थ उलटीबरोबर फुप्फुसात उतरतो आणि न्यूमोनिया होतो. ॲसिड वर येताना अन्ननलिका दुसऱ्यांदा भाजते. बाटली बरोबर घेऊन थेट रुग्णालय गाठावे. रुग्णवाहिकेसाठी महाराष्ट्रात १०८, आणि सर्व प्रकारच्या आणीबाणीसाठी देशभर ११२ हे क्रमांक आहेत.

पाण्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. प्लास्टरवर आणि काँक्रीटवर पाणी मारण्यासाठी पिंप भरलेले असते. वॉटरप्रूफिंग तपासायला न्हाणीघरात दिवसभर पाणी साठवून ठेवतात. दोन वर्षांच्या मुलाचे डोके शरीराच्या मानाने जड असते. वाकून पाहताना ते बादलीत तोंडघशी पडले तर स्वतःहून बाहेर येऊ शकत नाही. बुडण्यासाठी काही सेंटिमीटर पाणी पुरते, आणि मूल बुडताना आवाज होत नाही. न्हाणीघराला बाहेरून, उंचावर कडी हवी. रात्री पिंपावर घट्ट झाकण हवे किंवा ते रिकामे हवे. स्क्रू, खिळे, वायरचे तुकडे यांसाठी कारागिरांना झाकणाचा डबा द्यावा आणि ते निघण्यापूर्वी घरातल्या कोणीतरी खाली वाकून, मुलाच्या नजरेच्या उंचीवरून खोली पाहावी. उभ्याने न दिसलेला स्क्रू तेव्हा दिसतो. मोजमापाच्या लेझर यंत्रातली किंवा रिमोटमधली चपटी बटणसेल तर अतिधोकादायक. ती अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत गंभीर जखम करते. मुलाने गिळल्याचा नुसता संशय आला तरी लगेच एक्स-रे काढून घ्यावा.

काम कसे लावायचे हा पुढचा प्रश्न. सगळे घर एकदम फोडले तर काम लवकर आटपते, ही ठेकेदारांची आवडती शिफारस. रिकाम्या घरासाठी ती खरी आहे. ज्या घरात मूल आणि दुखणेकरी राहणार आहेत तिथे ती चुकीची ठरते. एक खोली पूर्ण स्वच्छ राहील, तिचे दार बंद होईल, दाराच्या फटीला ओला पंचा लावता येईल आणि तिथून संडासापर्यंतची वाट मोकळी असेल, ही पहिली अट. संडास एकच असेल तर त्याचे काम जोडीदार रुग्णालयात असताना उरकावे, किंवा तो हिंडूफिरू लागेपर्यंत हात लावू नये. टाइल बसवल्यावर किमान एक दिवस त्यावर चालता येत नाही, नव्या सिमेंटकामावर साधारण सात दिवस पाणी मारावे लागते. हे दिवस ठेकेदाराच्या अंदाजात बहुतेक वेळा धरलेले नसतात. तोडफोड आणि ग्राइंडरची कामे सलग एक-दोन दिवसांत गोळा करावीत आणि त्या दिवशी मूल आजीकडे, मावशीकडे किंवा पाळणाघरात असावे. रंगकाम आणि प्लायवुडचे काम खिडक्या उघड्या ठेवता येतील अशा ऋतूत काढावे. प्लायवुडच्या चिकटद्रव्यातून फॉर्मल्डिहाइड बराच काळ बाहेर पडत राहते, आणि पावसाळ्यात बंद घरात ते कोंडते. नव्या रंगाच्या खोलीत मुलाला त्याच रात्री झोपवू नये.

वेळापत्रकात मुलाची दुपारची झोप हा खुंटा धरावा. एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसरात्र मिळून ११ ते १४ तास झोप लागते, दुपारच्या झोपेसकट. ती झोप मोडली की संध्याकाळ रडण्यात जाते, दुखणेकऱ्याची विश्रांती मोडते आणि सांभाळणाऱ्याचा तोल जातो. अनेक सोसायट्यांच्या नियमांत दुपारी ठोकाठोकीला बंदी असते; ती पाळून घेण्यात घरमालकाचा स्वतःचाच फायदा आहे. दुपारी एक ते तीन ही वेळ मापे घेणे, सामान आणणे, जेवण यासाठी ठेवायला मिस्त्री सहसा नाही म्हणत नाहीत, फक्त ते काम सुरू होण्याआधी सांगायला हवे.

आता दुखणेकऱ्याकडे. शस्त्रक्रियेनंतर घरी पाठवताना डॉक्टर बहुधा सांगतात, ‘जड उचलू नका.’ हे वाक्य ऐकताना माणसाच्या डोळ्यांपुढे सिलिंडर आणि सुटकेस येते, मूल येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यांनुसार एक वर्षाच्या मुलाचे मध्यम वजन ९.६ किलो आणि मुलीचे ८.९ किलो असते; दोन वर्षांना ते अनुक्रमे १२.२ आणि ११.५ किलो होते. म्हणजे दोन वर्षांचे मूल कडेवर घेणे हे पाण्याने भरलेली बादली उचलण्यासारखे आहे, आणि ही बादली हातपाय झाडते. हर्निया किंवा पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर साधारण चार ते सहा आठवडे, छातीचे हाड कापून केलेल्या हृदयशस्त्रक्रियेनंतर सहा ते आठ आठवडे किंवा त्याहून जास्त काळ वजन उचलण्यावर बंधन असते. हृदयाच्या बाबतीत ही मर्यादा बहुधा चार-पाच किलोंचीच असते. सिझेरियन झालेल्या आईला नवजात बाळ घेता येते, पण त्याचे थोरले भावंड नाही. म्हणून रुग्णालयातून निघताना प्रश्न नेमका विचारावा: अमुक किलोचे मूल मी कधी उचलू? बसून मांडीवर कधी घेऊ? पाळण्यात ठेवायला कधी वाकू? याची उत्तरे शस्त्रक्रियेगणिक वेगळी असतात आणि ती लिहून घेतलेली बरी.

उचलता येत नाही म्हणजे जवळ घेता येत नाही असे नाही. हे जोडीदाराला, सासू-सासऱ्यांना आणि स्वतः दुखणेकऱ्यालाही पटवावे लागते, कारण प्रेमापोटी सगळे मिळून मुलाला त्या खोलीपासून दूर ठेवू लागतात. मूल स्वतः चढू शकेल असा बुटका, न सरकणारा पाट पलंगाशी ठेवावा. मुलाला जखमेच्या विरुद्ध बाजूला बसवावे, पोटावर टाके असतील तर मध्ये उशी धरावी, कारण त्याची लाथ कधी बसेल याचा नेम नसतो. चित्रांचे पुस्तक, फोडणीच्या डब्यातल्या वाट्या एकात एक घालणे, भरवणे, केस विंचरणे, गोष्ट सांगणे हे सगळे बसून किंवा पडून होते. मूल अंगावर पीत असेल तर एका कुशीवर झोपून पाजता येते. मात्र तसे डॉक्टरांना आधी सांगावे, कारण कोडीन आणि ट्रामाडोल ही वेदनाशामके दूध पाजणाऱ्या आईने घेऊ नयेत असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये दिला आहे. दुसरी औषधे उपलब्ध असतात. अशा गुंगी आणणाऱ्या गोळ्या सुरू असतील तोवर दुखणेकऱ्यावर मुलाची एकट्याची जबाबदारी टाकू नये आणि मुलाला त्याच्या कुशीत रात्रभर झोपवू नये.

दुखणेकऱ्याच्या उशाशी औषधे असतात, आणि घरातल्या औषधांचा मुलाला होणारा धोका तिथे सुरू होतो. लोहाच्या रंगीत गोळ्या, रक्तदाबाची आणि मधुमेहाची औषधे यांतल्या मोजक्या गोळ्याही लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतात. दिवसाच्या गोळ्या सकाळीच वाटीत काढून ठेवण्याची पद्धत इथे चालणार नाही. दुसरा धोका पडण्याचा. वॉकर किंवा कुबड्यांवर चालणाऱ्या माणसाला जमिनीवरची खेळण्यातली मोटार, सतरंजीची दुमडलेली कड आणि पायात येणारे मूल ही तिन्ही सारखीच घातक. खेळणी एका टोपलीत मावतील इतकीच बाहेर असावीत, आणि जोडीदार उठणार असेल तेव्हा मूल कोणाच्यातरी हातात किंवा बसवलेले असावे. शिवाय ‘हलू नका’ याचा अर्थ दिवसभर पलंगावर पडून राहणे असा घेतला जातो, तो चुकीचा आहे. पायांच्या शिरांत गुठळी होऊ नये म्हणून डॉक्टरांनी सांगितलेले चालणे आणि घोट्यांचे व्यायाम करावेच लागतात, आणि त्यासाठी मोकळी वाट लागते. फरशीच्या गोण्या दिवाणखान्यात रचल्या की ती वाट बंद होते.

आई किंवा वडील दुरावल्याचा मुलाच्या मनावर काय परिणाम होतो, याचा बारकाईने अभ्यास लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकशी संबंधित जेम्स आणि जॉइस रॉबर्टसन या दांपत्याने केला. जेम्स यांनी १९५२ मध्ये रुग्णालयात एकट्या ठेवलेल्या दोन वर्षांच्या मुलीवर चित्रपट केला. त्याने इंग्लंडमधल्या रुग्णालयांतले भेटीचे नियम बदलायला मोठा हातभार लावला. पुढे दोघांनी आई बाळंतपणासाठी रुग्णालयात गेलेल्या लहान मुलांचे चित्रण केले. सतरा महिन्यांचा जॉन नऊ दिवस एका बालगृहात राहिला. तिथे माणसे वाईट नव्हती, पण पाळीगणिक बदलत होती. जॉनने खाणे सोडले, रडून रडून थकला आणि आई परत आल्यावर तिच्यापासून तोंड फिरवले. रॉबर्टसन दांपत्याने याच वयाची काही मुले स्वतःच्या घरी ठेवून घेतली. तिथे सांभाळणारी बाई एकच होती; मुलाचे अंथरूण, खेळणी आणि जेवण्या-झोपण्याच्या सवयी घरच्या होत्या, आईचा फोटो दाखवला जाई, वडील भेटत. ही मुलेही कष्टी झाली, पण जॉनसारखी कोसळली नाहीत. धडा स्पष्ट आहे: आईवडिलांची उणीव भासली तरी मूल ती सोसते, सोबतीला एक ओळखीचे माणूस आणि ओळखीचा दिवस असेल तर.

घरी परतलेल्या दुखणेकऱ्याच्या बाबतीत गोष्ट थोडी अवघड होते, कारण माणूस समोर आहे आणि तरी उचलून घेत नाही. त्यात ओळखीच्या भिंती फुटलेल्या, घरात अनोळखी माणसे. मूल पुन्हा चड्डीत शू करू लागते, चिकटते, जेवताना ताट लोटते, बरे असलेल्या पालकालाच मारते. याला हट्टीपणा म्हणणे अन्यायाचे आहे. या वयात ताण असाच बाहेर पडतो आणि दिनक्रम सावरला की ओसरतो. त्याला सांगायचे ते थोडक्यात आणि खरे सांगावे: ‘बाबाच्या पोटाला बाऊ झालाय. उचलायचं नाही. शेजारी बसायचं.’ रोज तेच, त्याच शब्दांत. ‘बाबा गावाला गेलाय’ असे खोटे सांगितले तर मूल दाराशी वाट पाहत बसते. रुग्णालयात दाखल होण्याआधी मुलाची रोजची एखादी गोष्ट, आंघोळ किंवा झोपवणे, दुसऱ्या माणसाच्या हाती हळूहळू सोपवली तर पुढचे बरेच सोपे होते.

या सगळ्याचा भार बऱ्या जोडीदारावर येतो. मुंबई-पुण्याच्या दोन खोल्यांच्या घरात तो दिवसा ठेकेदाराला उत्तरे देतो, ऑफिसचे काम करतो, पथ्याचे रांधतो आणि रात्री मुलाबरोबर जागतो. नोकरीतल्या सवलती असमान आहेत. केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना सेवाकाळात बालसंगोपनासाठी ७३० दिवसांपर्यंत रजा मिळते, तर खासगी नोकरीतल्या पुरुषाला बायकोच्या शस्त्रक्रियेसाठी स्वतःची शिल्लक रजाच वापरावी लागते. मदतीला आलेल्या आजी-आजोबांना मूल उचलण्याचे काम देताना त्यांचे गुडघे आणि पाठही विचारात घ्यावी. त्यांना स्वयंपाक आणि गोष्टी द्याव्यात. धावाधाव तरुण काका-मावशीने करावी. शेजारी ‘काही लागलं तर सांगा’ म्हणतात, तेव्हा काम नेमके सांगावे: संध्याकाळी अर्धा तास मुलाला खाली बागेत नेणे, मंगळवारी डबा. मदतीला कोणी नसते तेव्हा मोबाइल हा सोपा मार्ग वाटतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनानुसार एक वर्षाच्या मुलाला पडदा दाखवूच नये आणि दोन वर्षांनंतर दिवसाला तासापेक्षा जास्त नको. जखमेचे ड्रेसिंग चालू असताना पंधरा मिनिटे कार्टून लावले म्हणून कोणी पालक दोषी ठरत नाही. मोबाइल दिवसभराचा सांभाळणारा होऊ नये इतकेच.

जखमेभोवती लाली, सूज, पू, ताप किंवा वाढते दुखणे, पोटरीत एकाच बाजूची सूज, अचानक धाप यांपैकी काही दिसले तर डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवावे, आणि धाप लागली तर थेट तातडीच्या विभागात न्यावे. मुलाचा खोकला थांबत नसेल, श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जात असतील, तेव्हा काम बंद करून मुलाला लगेच दवाखान्यात न्यावे. ठेकेदाराशी तारीख ठरवण्याआधी शस्त्रक्रियेनंतरच्या बंधनांचे आठवडे आणि मुलाच्या झोपेची वेळ एका कागदावर लिहावी. काम त्यांच्या मधल्या जागेत बसत नसेल, तर ते पुढच्या हंगामावर टाकावे.